खरी नक्कल

तालुक्याच्या कोर्टात मी नक्कल विभागात आहे.
बावीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं उतरवतो,
चुकीसकट. सुधारायचं नाही, हा नियम.
‘मयत’चं ‘मायत’ झालं असेल तर मायतच.

मार्चात सुकेशनी नावाची एक बाई अर्ज घेऊन आली.
बोरसावळीचं प्रकरण हवं होतं तिला, चौऱ्याहत्तर सालचं.
बोरसावळी माझं गाव.
ते मी तिला सांगितलं नाही.

बस्ता सोडला. कडा झुरळांनी खाल्लेल्या,
मजकूर शाबूत:
पूर्वेस नाला. पश्चिमेस हिवराचं झाड.
दक्षिणेस पऱ्हाटीची गंजी, अर्धी जळालेली.
उत्तरेस दार, बाहेरून कडी.
‘बाहेरून’ या शब्दाखाली कुण्या फौजदारानं
दोनदा रेघ ओढलेली, कागद फाटेस्तोवर.

पंच क्रमांक दोन. सही: सूर्यभान.
‘भ’ला तोच फास,
जो माझ्या प्रगतीपुस्तकावर दर वर्षी असायचा.

आमच्या गावात ही गोष्ट तीन तऱ्हांनी झालेली नाही.
स्टोव्ह भडकला.
किंवा त्यांनीच लावली, सरकारी मदतीसाठी.
किंवा तिकडे टोली नव्हतीच कधी, नुसतं रान होतं.
तिन्ही मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्या आहेत,
एका कप चहात.

तरी त्या तारखेला गावात कुणी साखरपुडा धरत नाही.
नाल्याकडची पायवाट मोकळ्या जागेपाशी येते
आणि कारण नसताना वळसा घेते.
विचारलं, तर म्हणतात, वाटेले वळन असतेच.
विसरलेला माणूस सरळ गेला असता.

शनिवारी घरी गेलो.
बाबा ओसरीत अंबाडीचा दोर वळत होते.
“तथी काई झालं नाई. कोनं सांगतलं तुले?”
“तुमची सही आहे.”
“सई तं कशावरई घेत. म्या वाचलं नाई.”
चष्मा बॅगेत राहिला होता.
टिपणाचा कागद डोळ्यांशी नेऊन म्हणालो,
“आठ लिहिलेत.”
“नऊ,” बाबा म्हणाले. “तान्हं धरून नऊ.”
आणि दोर वळत राहिले.
एक पीळ उलटा बसला, तो त्यांनी उकलला नाही.

गोठ्याला सागाची चौकट आहे.
लहानपणी नखानं खरवडली की बोटं काळी व्हायची.
आई म्हणायची, तेल मुरलंय.
परवा पाहिलं, ती उलटी बसवलेली आहे:
बाहेरच्या कडीचं भोक आता आतून दिसतं.

खरं बोलायचं तर आधी चौकट काढावी लागेल.
चौकटीवर भिंत, भिंतीवर आढं, आढ्यावर टिनं,
टिनांवर वहिनीनं वाळत घातलेली तूर.
खाली दोन म्हशी.
त्यांच्या आईच्या दुधावर मी शिकलो,
कोर्टात लागलो,
दुसऱ्यांची अक्षरं वाचता येतील इतका.
बाबा खोटं बोलत नाहीत, मला वाटतं.
ते पाठ लावून उभे आहेत भिंतीला.

सोमवारी नक्कल लिहायला बसलो.
नऊ नावं उतरवली. तान्ह्याला नाव नव्हतं,
तिथं ‘तान्हे’ असंच.
पंच क्रमांक दोनपाशी हात थांबला.
आमच्याकडे एक सोय असते:
वाचता न येणाऱ्या जागी ‘अवाच्य’ लिहायचं.
कुणी विचारत नाही.
झुरळांवर जातं.

‘अ’ लिहून झाला होता.
खिडकीपलीकडे सुकेशनी
नक्कल फीचे सुटे पैसे मोजत होती,
पुन्हा पुन्हा, पहिलीच मोजणी चुकल्यासारखी.

मग त्या ‘अ’च्या शेजारी मी बाबांचं नाव लिहिलं,
सबंध, फासासकट.
खाली शिक्का मारला: खरी नक्कल.
तो ‘अ’ तसाच आहे.
खोडला नाही.